खोक्याच्या फळीची गिटार

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसानं काश्मीरला जावं, निदान कन्याकुमारीला तरी. आमच्या शाळेतल्या शिक्षिका जाऊन येतात आणि मग वर्षभर आम्हाला त्यांचे शिकाऱ्यातले फोटो बघावे लागतात. मी गेले चिंचवडला. तिथं बर्फ नाही, समुद्र नाही, सूर्योदयही कारखान्यांच्या धुराड्यांमागून होतो. तरी परत आल्यापासून जो भेटेल त्याला मी तिथलंच सांगत सुटले आहे. शेवटी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "एकदाचं लिहून काढा, म्हणजे आम्ही सुटू."

जायचं कारण सांगते. आमचे आप्पा मिरजेत तंबोरे आणि सतारी करतात. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवते. माझा धाकटा भाऊ विनायक, म्हणजे आमचा विन्या, मिसरूड फुटेपर्यंत आप्पांच्या शेजारी बसून लाकूड घासायचा. मग एक दिवस पिंपरीच्या एका कारखान्यात मोटारींना तांब्याची तार गुंडाळायची नोकरी धरून निघून गेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ज्याचं पोट ज्या हत्यारावर चालतं त्याची तो पूजा करतो. आमच्याकडंही पाटावर पटाश्या, रंधे मांडतात आणि मधोमध जवारी काढायची ती बारीक कानस. ही कानस आप्पांच्या आजोबांची. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, ती अशी फिरवायची की तार नुसती वाजत नाही, गुंजते. ही जवारी साधली तर तंबोरा, नाहीतर भोपळ्याला लावलेली काठी, असं आप्पा म्हणतात. त्या कानशीला माझा हात लागलेलाही त्यांना खपत नाही.

विन्या आधी दर वर्षी पूजेला यायचा. अलीकडं येईनासा झाला होता. यंदा आप्पांनी मला समोर बसवून सांगितलं, "त्याला घेऊन ये. या खंडेनवमीला तो पाटापुढं बसला नाही, तर हत्यारं दस्तगीरची." दस्तगीर म्हणजे आप्पांचा कारागीर, विन्याच्या जागी बसून केस पिकत आलेला अबोल माणूस. आप्पा धमक्या देत नाहीत, बोलतात ते करतात. म्हणून मी डब्यात भडंग भरलं आणि एस.टी.त बसले.

चिंचवड

प्रवासाचं रडगाणं गात नाही. विन्याची खोली मोरया गोसावींच्या देवळाकडून नदीच्या अंगाला उतरताना एका चाळीत होती. दार उघडलं आणि समोर एक लांब केसांची बाई उभी दिसली. मी म्हटलं, "विनायक इथंच राहतो ना?" बाई म्हणाली, "अक्का, अगं मीच." माझ्या हातातली पिशवी खाली पडली. केस खांद्यापर्यंत! आप्पांनी पाहिले असते तर रंधाच घातला असता.

सावरून बसते न बसते तोच भिंतीवर नजर गेली. खिळ्याला शर्ट, दुसऱ्या खिळ्याला जेवणाचा डबा, तिसऱ्या खिळ्याला एक लाकडी वस्तू टांगलेली. आमच्या घरी वाद्य असं उघडं कधी राहिलेलं नाही. तंबोऱ्याला गवसणी असते, त्याला पाय लागला तर आम्ही कानाला हात लावतो. आणि इथं डब्याशेजारी!

"हे काय?"

"गिटार. मी केली."

मी ती काढून घेतली. जड, सपाट, पोटात पोकळी नाही. पाठीमागं काळ्या शाईत परदेशी अक्षरं, शेजारी छत्रीचं चित्र आणि काचेच्या पेल्याचं चित्र. परदेशातून यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्याची ती फळी होती. छत्री म्हणजे पावसात भिजवू नका, पेला म्हणजे आपटू नका. तारांखाली त्यानं कारखान्याच्या भंगारातली केसाएवढी तांब्याची तार लोहचुंबकावर गुंडाळून बसवली होती. म्हणजे आमच्या आजोबांनी वाद्य करायला भोपळा पारखला, बापानं लाकूड पारखलं, आणि याला मिळालं खोकं. मला रडूच यायला लागलं, आणि मी ते लपवलं नाही.

"रडतेस काय? ऐक तरी," असं म्हणून त्यानं तिची वायर एका जुन्या रेडिओला जोडली आणि तारेवरून हात मारला. मी कानात बोटं घातली. खोलीत कुणीतरी पत्रा फाडतंय असंच वाटलं.

"आवाज फाटलाय विन्या!"

"मुद्दाम फाडलाय. स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरलाय."

"चिरलास?"

"अक्का, आप्पा कानशीनं काय करतात? सरळ आवाजाला खरखर आणतात, तेव्हा तो गुंजतो. तीच जवारी. त्यांची कानस, माझं ब्लेड."

 मला जास्तच राग आला. मी आप्पांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. विन्या भडंगातले शेंगदाणे वेचत म्हणाला, "त्याच दिवशी आमच्या बँडचा कार्यक्रम आहे गं. चिखलीच्या शेडमध्ये. वर्षातून त्या एकाच दिवशी कामगारांच्या बायका, पोरं, आया आत येतात. मी नाही येणार."

मीही हट्टाला पेटले. म्हटलं, तुला घेतल्याशिवाय मी हलत नाही. खंडेनवमीला अजून अवकाश होता.

चिखलीची शेड

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर तो मला सायकलवर डबलसीट घेऊन चिखलीला निघाला. या वयात मी कॅरिअरवर! वाटेत एकीकडं ज्वारी, एकीकडं पत्र्याच्या शेडी, मधूनच म्हैस. खाचखळग्यात मी एकदा खाली उतरले ती पडूनच, आणि गुडघा फोडून घेतला. पुढं मी चालत गेले आणि तो सायकल ढकलत.

शेड उस्मानभाईंची. उंच, पांढऱ्या दाढीचे, मूळचे इथलेच गृहस्थ. "या ताई, तशरीफ ठेवा," म्हणून त्यांनी मला स्टूल दिलं आणि गुडघ्याला लावायला हळद मागवली. शेडच्या पुढच्या भागात त्यांचा पॉवर प्रेस चालतो. पायाखालचा पेडल दाबला की वरून ठोकळा आपटतो आणि पत्र्यातून एक वॉशर पडतो. प्रेसवर किसनतात्या नावाचे म्हातारे बसले होते, टोपी घालून, उजवा पाय पेडलवर. धाड, धाड, धाड. मी सहज मनातल्या मनात मात्रा मोजायला लागले, तर लय तसूभर हलेना. मागच्या भागात बंद लेथच्या आडोशाला यांचा तालमीचा अड्डा. प्रेस काही गाण्यासाठी थांबत नव्हता. उस्मानभाईंनी जागा फुकट दिली होती, प्रेस बंद ठेवून नव्हे.

बँडमध्ये तिघं. विन्या गिटारवर. गायला माधव, लातूरकडचा, फौंड्रीत कामाला, गाणीही तोच लिहायचा. आणि ड्रमवर बबन, चिखलीच्याच जुन्या घरातला. लग्नातल्या बँडवाल्याचा जुना ढोल, दोन पत्र्याचे डबे आणि एक पितळी परात असा त्याचा संसार.

"ताई, तुमी गाण्याच्या मास्तरीन हाय न्हवं? चुकलं तर कान धरा," बबन म्हणाला.

मी विचारलं, "सा कुठला धरता?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. माधव म्हणाला, "भोंग्याचा."

मला वाटलं थट्टा करताहेत. इतक्यात पलीकडच्या मोठ्या कारखान्याचा पाळी बदलण्याचा भोंगा झाला, आणि विन्या खरोखरच कान लावून खुंट्या पिळायला लागला! मी मनात धरून पाहिलं. पेटीच्या काळी दोनच्या किंचित खाली, पण स्थिर. हजारो माणसं ज्या सुरावर डबा घेऊन धावतात तो यांचा षड्ज. मी थक्क झाले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग ते वाजवायला लागले. मला वाटलं होतं इंग्रजी काहीतरी किंचाळतील. माधवनं तोंड उघडलं ते मराठीत:

*तिसरी पाळी, तिसरी पाळी,*
*झोप माझी कुणी गिळली?*
*दिवस माझा उशाखाली,*
*रात कंपनीला विकली.*

आवाज घोगरा, तालीम नाही, श्वास भलत्याच जागी. पण अंगावर काटा आला माझ्या. शाळेत मी मुलींना पाऊस, फुलं, पाखरं शिकवते. झोपेवर गाणं होऊ शकतं, आणि ते माझा भाऊ वाजवतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तरी तोंडानं मी म्हटलं, "सूर बरा आहे. ओरडता फार."

बबन म्हणाला, "न ओरडून चालंल व्हय? आमी सगळी प्रेसशॉपची मान्सं. हळू बोललेलं आमास्नी ऐकूच येत न्हाई."

चाकणचा बाजार

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. उस्मानभाईंचा टेम्पो कांद्याच्या बाजारासाठी चाकणला निघाला होता, त्यात आम्ही बसलो. चाकणला कांद्याचे ढीगच ढीग. आमच्याकडं हळदीचा बाजार असतो, तिथं माणसं शिंकतात. इथं रडतात, एवढाच फरक. एका हॉटेलात भजी सांगितली. कांदाभजी कुठं खावी तर कांद्याच्या गावात. मी दुसरी प्लेट मागवली तेव्हा हॉटेलवाल्याच्या टेपवर गाणं बदललं आणि माझ्या हातातलं भजं तसंच राहिलं. तिसरी पाळी, तिसरी पाळी.

शेजारच्या बाकावर एक ट्रक ड्रायव्हर बशीवर ताल धरत होता. गल्ल्यावरचा म्हातारा ओठ हलवत होता. कुणी वळूनसुद्धा बघेना, रोजचंच असल्यासारखं! विन्या खाली मान घालून चहा ढवळत बसला. कान लाल झाले होते त्याचे.

मग सगळं कळलं. उस्मानभाईंच्या मेहुण्यानं कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला होता. त्यावर यांनी गाणं भरलं. नकला करायची तऱ्हा अशी: दोन टेप समोरासमोर ठेवायचे, एकावर लावायचं, दुसऱ्यावर भरायचं, आणि खोलीत कुणी श्वास घ्यायचा नाही. पण हे चाललं माधवच्या खानावळीत, आणि तिथल्या काकूंनी नेमका त्याच वेळी कुकर लावला. म्हणून गाण्याच्या मधोमध शिट्टी आहे. ती कॅसेट ड्रायव्हर लोक मागून घेऊन गेले, त्यांनी नकलेच्या नकला केल्या.

त्या ड्रायव्हरला हे तिघं कोण ते माहीतच नव्हतं. विन्यानं खिशातली, शिट्टीशिवाय नव्यानं भरलेली कॅसेट त्याला ऐकवली तर तो तोंड वाकडं करून म्हणाला, "राव, ह्यात शिट्टी न्हाई? खरं गाणं शिट्टीवालं. हे कुणीतरी नक्कल केलंय."

मी इतकी हसले की भजं घशात अडकलं. येताना टेम्पोत मात्र हसू ओसरलं. आप्पांचा तंबोरा मैफलीबाहेर किती लोकांनी ऐकला असेल? आणि हे गाणं ट्रकांतून नाशिकच्या घाटात जातंय. विन्याला ओढून न्यायला आलेली मी, तेव्हा प्रथमच मला वाटलं की न्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? तरी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी पिशवी भरून त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, "शेवटचं विचारते." तो रडला. मोठा पुरुष, लांब केसांचा, हमसून हमसून रडला. पण नाही म्हणाला.

खंडेनवमी

सकाळी शेड ओळखू येईना. लेथ, प्रेस, ड्रिल, सगळं धुऊन पुसून लख्ख. प्रेसला झेंडूची माळ, कपाळाला, म्हणजे कपाळ असतं तिथं, कुंकू. किसनतात्यांनी नारळ फोडला, उस्मानभाईंनी हात जोडून उभं राहून पेढे वाटले. आजूबाजूच्या शेडींतले कामगार नव्या कपड्यांत, सोबत बायका, पोरं, म्हाताऱ्या आया. एक बाई नवऱ्याला विचारत होती, "तुमी रोज हितं उभं ऱ्हाता?" आणि प्रेसच्या ठोकळ्याकडं भयानं बघत होती. आमच्याकडं पाटावर मावतील एवढी हत्यारं. इथं देवापुढं माणूसच बुटका दिसत होता.

सुट्टी, त्यामुळं भोंगा नाही. विन्या खुंट्या धरून माझ्याकडं बघत राहिला.

"अक्का, भोंगा दे."

मला नाही म्हणालेल्या भावाला मी त्या कारखान्याचा षड्ज गाऊन दिला. बायकांना वाटलं मी आरती सुरू करतेय. दोघीतिघींनी हात जोडले.

उस्मानभाईंनी गाणं भरून घ्यायला टेप सुरू केला. बबननं काठ्या उचलल्या, विन्यानं हात मारला, माधवनं डोळे मिटले. आणि गाणं पहिल्या ओळीतच कोसळलं. ढोल पुढं गेला, गिटार मागं राहिली, माधव दोघांच्या मधे उभा. थांबले, परत सुरू केलं. परत तेच. तिसऱ्यांदा तर बबनचा हात हवेतच राहिला. पोरं हसायला लागली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "पोरं घाबरली वाटतं." विन्याचा चेहरा पांढराफटक पडला. मिरजेत त्या क्षणी पाटावर हत्यारं मांडलेली असणार, आप्पा दाराकडं बघत असणार. ह्याच्यासाठी? ह्या फजितीसाठी त्यानं ती कानस सोडली?

बबन हळूच म्हणाला, "विन्या, प्रेस बंद हाय."

सगळे प्रेसकडं वळले. माळ घालून तो शांत उभा होता. यांनी आजवर वाजवलेली प्रत्येक मात्रा त्याच्यावर टेकलेली होती आणि तिघांपैकी एकालाही पत्ता नव्हता! मला तरी कुठं होता? कान तयार आहेत म्हणून मिरवणारी मी, स्टुलावर बसून प्रेसच्या मात्रा मोजत होते आणि गाणं ऐकत होते, पण दोन्ही एकच आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मग चालू करा की!"

"न्हाई," किसनतात्या उठून उभे राहिले. "पुजल्यालं मशीन हाय. उद्या दसऱ्याबिगर त्याला हात लावायचा न्हाई."

सगळ्यांनी मालकाकडं बघितलं. उस्मानभाई म्हणाले, "तात्या बरोबर बोलतात. वर्षभर ही मशीन आपल्यासाठी राबते. आज तिच्या आरामाचा दिवस आहे. मी नाही उठवणार."

विन्या वायर काढायला वाकला. तेवढ्यात मला तो आवाज आला. किसनतात्या परत सतरंजीवर बसले होते आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर आपटत होता. धाड. धाड. धाड. त्यांना वाटतंय मदत करावी, असं काही तोंडावर नव्हतं. ते प्रेस चालवत होते, इतकंच. शेजारच्या माणसाचा पाय लागला. मग त्याच्या मागच्याचा. टाळी एकानंही वाजवली नाही. सगळे उजवेच पाय, पेडलवर पडावेत तसे, एका वेळी, शेडभर. पत्रे हादरायला लागले. ती भ्यालेली बाई नवऱ्याच्या पायाकडं बघतच राहिली. जो पाय रोज संध्याकाळी ती शेकून देत असेल, तो काय करतो हे तिला पहिल्यांदा कळत होतं. तिनं तोंडाला पदर लावला.

बबनचा हात खाली आला तो नेमका त्या पायांवर. मग विन्या. मग माधव, *तिसरी पाळी, तिसरी पाळी*, आणि दुसऱ्या ओळीपासून बायकाच गायला लागल्या, कारण झोपेचं ते गाणं त्यांचंही होतं. मी खाली बघितलं. माझाही पाय चालला होता, फुटक्या गुडघ्यासकट.

मिरज, दसरा

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना मी घरी पोचले, एकटी, हातात कॅसेट. आप्पा नेहमीच्या जागी बसले होते. समोरचा पाट रिकामा. कोपऱ्यात दस्तगीर त्या कानशीनं घोडी घासत होता. मला बघून तो उठायला लागला, तसं आप्पा म्हणाले, "बस. तुझं काम कर."

म्हणजे दिली होती हत्यारं. देणारच हे मला माहीत होतं. तरी वाटेत मी स्वतःला समजावत आले होते की आप्पा थांबले असतील.

शेजाऱ्यांचा टेप आणला आणि त्यांच्यापुढं ठेवला. गाणं सुरू झालं. आधी ती तीन वेळची फजिती, पोरांचं हसणं, उस्मानभाईंचं बोलणं. मग पाय. आप्पांनी हातातला भोपळा खाली ठेवला.

"हे पाय कुणाचे?"

मी सांगितलं. त्यांनी पहिल्यापासून परत लावायला लावलं. दस्तगीरचा हातही थांबला होता. दुसऱ्या वेळी विन्याची गिटार जिथं फाटून गुंजते तिथं आप्पांनी मान तिरकी केली. जवारी तपासताना ते अशीच करतात.

"लाकूड कुठलं?"

"खोक्याचं."

"खोक्याचं?" ते ओरडलेच. "खोक्याच्या फळीवर वाजवतो माझा मुलगा?"

ते उठले, माळ्याला शिडी लावली आणि या वयात स्वतः वर चढले. खाली आले ते तंबोऱ्याला वापरतात त्या तुणीच्या लाकडाची एक फळी घेऊन. ही फळी मी लहानपणापासून वर पाहत आले आहे. तिला हात लावायचा नाही, ती मुरतेय, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली, बोटानं वाजवून कान लावला, आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मी म्हटलं, "आणि हत्यारं?"

"हत्यारं इथं बसून ज्यानं चालवली त्याची," आप्पा म्हणाले. "लाकूड घरचं आहे. ते विन्याला नेऊन दे."